दाराच्या डाव्या हाताला

पार्तिनाचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि तिचं म्हणणं असं, की म्हणूनच ती आजवर टिकली. बाजारात ती नारळ हलवून बघायची, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, मग पुन्हा नारळ हलवायची. शेजारणीने तळलेल्या टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप पानात बांधून दिले, तर पहिला तुकडा मांजरापुढे टाकायची. त्या घरात सगळ्यात गुटगुटीत होतं ते मांजरच.

त्यामुळे गुरुवारी तिन्हीसांजेला शेतावरून परतताना आपल्या दारापाशी दीर वाकलेला दिसला, तेव्हा हाक मारायच्या भानगडीत ती पडली नाही. केळीच्या आड उभी राहिली आणि बघत राहिली.

दाराच्या डाव्या हाताला कारसिदी कुदळीच्या पाठीने माती लोटत होता. लोटून झाल्यावर त्याने ती अनवाणी पायांनी दाबली आणि वर सुकी पानं पसरली. एक पान त्याला पटलं नाही. ते उचलून त्याने पुन्हा नीट टाकलं. चोर असो की सज्जन, इतकी काळजी माणूस उगाच घेत नाही.

"भावजी," पार्तिना केळीमागून पुढं आली, "माझ्या दारात काय पेरताय?"

कारसिदी असा दचकला की कुदळ त्याच्याच पायावर पडायची.

"घूस हो वहिनी. घुशीचं बीळ बुजवत होतो. तुमच्या खांबाखाली शिरली असती तर घर कललं असतं."

"भारीच शहाणी घूस. इतकी वर्षं कधी फिरकली नाही, आणि आज नेमकी क्लिवोनच्या आदल्या सांजेला मुहूर्त काढून आली."

"उद्या क्लिवोन आहे होय?" कारसिदीने मातीच्या हातानेच तोंड पुसलं. "माझ्या ध्यानातच नाही."

आता ही मात्र थाप होती. शुक्रवार आणि आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला क्लिवोनचा दिवस एकत्र आले, की आमच्या केदुंगसारी गावात कुत्र्यांनासुद्धा कळतं. त्याच्या आदल्या सांजेला लोक कबरींवर फुलं टाकतात, घराच्या कोपऱ्यात धूप जाळतात. आणि ज्याला कुणाचं वाटोळं करायचं असतं, तो त्याच्या दारात काहीतरी पुरून येतो.

कारसिदी कुदळ खांद्यावर टाकून कुंपणापलीकडे गेला. पार्तिना त्या पानांकडे बघत उभी राहिली. पाय ठेवायची तिची हिंमत झाली नाही. वळसा घालून ती मागच्या दाराने घरात शिरली.

तिच्या संशयाला कारण नव्हतं असं नाही. घर सागाचं होतं, सासऱ्याच्या बापाने बांधलेलं. मधले खांब दोन्ही हातांच्या कवेत मावत नसत, आणि सबंध घरात खिळा म्हणून नव्हता. सगळं खाचेत खाच बसवलेलं. असं घर जसं उभं करता येतं तसंच उतरवताही येतं. आमच्याकडे जमीन जागची हलत नाही, पण घर हलतं. पूर्वी माणसं आख्खं घर सोडवून खांद्यांवरून न्यायची आणि लेकाच्या नाहीतर जावयाच्या अंगणात पुन्हा उभं करायची. अलीकडे हाच धंदा शहरी लोक करू लागले होते. सागाची जुनी घरं विकत घ्यायची, ट्रकात भरायची आणि कुठल्या तरी हॉटेलात पाहुण्यांना चहा पाजायला उभी करायची.

असाच एक चौकड्याच्या शर्टाचा माणूस भातलावणीच्या सुमारास आला होता. कलिंगड वाजवून बघावं तसा पार्तिनाचा खांब बोटांनी वाजवून गेला. तिने हाकलला, पण जाताना तो कारसिदीच्या ओट्यावर बसला. चहा प्याला. लवंगेची सिगारेट ओढली. दोघं बराच वेळ बोलत होते, आणि बोलता बोलता कारसिदीने दोनदा तिच्या छपराकडे बोट केलं.

सासऱ्याने वाटणी केली ती तोंडी. थोरल्या सुगिमानला, म्हणजे पार्तिनाच्या नवऱ्याला, घर, धाकट्या कारसिदीला मागची जागा. सुगिमान गेला. कारसिदीचे दोन्ही मुलगे लग्नाला आलेले, एकालाही घर नाही. आणि ज्या घरात पोटचं पोर राहत नाही, ते घर मूळ कुळाकडे परत जातं, असं म्हणायला गावात तोंडं कमी नाहीत. पार्तिनाला एवढंच हवं होतं, की आपण मरेपर्यंत हे छप्पर इथंच राहावं आणि नंतर ते रुमिनीचं व्हावं. म्हणजे त्या मुलीचं, जिचं नाव ती आता तोंडाने घेत नव्हती.

रुमिनीने काय केलं ते गावाला माहीत आहे. ती पहिलं अपत्य, आणि जो मुलगा तिने पसंत केला तो त्याच्या घरातलं तिसरं. पहिल्याने तिसऱ्याशी लग्न लावू नये, लावलं तर घरातलं एक माणूस जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पार्तिनाने आकांडतांडव केलं. सुगिमान मऊ स्वभावाचा. "पोरगी हसतेय ना, मग झालं," म्हणाला आणि हो म्हणून बसला. पुढचं भात कापणीला येण्याआधीच एका दुपारी तो जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. दफनाला जमलेल्या माणसांसमोर पार्तिनाने पोटच्या मुलीला सुनावलं, "बापाला खाल्लंस. आता माझी पाळी येईपर्यंत या दारात पाऊल टाकू नकोस." रुमिनीने त्याच दिवशी सुराबाया शहराची बस धरली. आता ती तिथं चपलांच्या कारखान्यात आहे, एवढंच कानावर आलं होतं. बोललेलं परत घेता येत नाही, आणि पार्तिनाला घ्यायचंही नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. मग संध्याकाळी बसचा हॉर्न ऐकला की हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघायची.

त्या गुरुवारनंतर एकेक सुरू झालं. कोंबड्या माना टाकू लागल्या. गुडघा सुजला. सकाळी शिजवलेला भात दुपारी आंबला. कोंबड्या त्या आठवड्यात सगळ्या गल्लीच्याच मरत होत्या, कारसिदीच्याही मेल्या, पण दुसऱ्याच्या मेलेल्या कोंबडीकडे कोण बघतं? आणि त्यात तो कंदील. गावात वीज येऊन जमाना झाला होता, तरी कारसिदीने आपल्या फणसाच्या झाडाला रॉकेलचा कंदील टांगला. रोज तिन्हीसांजेला लावायचा, आणि काचेचं तोंड नेमकं पार्तिनाच्या दाराकडे.

"हे कशाला?" तिने कुंपणावरून विचारलं.

"रानमांजर कोंबड्या नेतंय, वहिनी."

"कोंबड्या तुमच्या तिकडं मागं झोपतात. कंदील इकडं पुढं."

"उजेडाला काय, तो पसरतो की," कारसिदी म्हणाला आणि काच पुसत बसला.

पाणवठ्यावर तेंत्रेमने आगीत तेल ओतलं. तेंत्रेम म्हणजे गल्लीच्या टोकाची शेजारीण. तिचं कुठलंही बोलणं "मला काही म्हणायचं नाही हं" ने सुरू व्हायचं आणि मग दुपारपर्यंत चालायचं.

"मला काही म्हणायचं नाही हं, ताई. पण क्लिवोनच्या सांजेला कुदळ घेऊन दुसऱ्याच्या दारात कोण जातं? आणि वर दिवा? तुझ्या घराला दिवा दाखवतोय तो, मेलेल्याला दाखवतात तसा. म्बाह जोयोला विचार जा. उशीर करू नकोस."

गावचा म्हातारा मांत्रिक म्बाह जोयो दिवसा सायकलींचे पंक्चर काढायचा आणि उरलेल्या वेळात माणसांचे. पार्तिनाने जिवंत राहिलेल्यातली एक कोंबडी त्याच्यापुढं ठेवली. म्हाताऱ्याने आधी कोंबडीचे डोळे बघितले, मग पार्तिनाचे.

"घर रिकामं झालं तर कुणाच्या पथ्यावर पडेल?"

"दिराच्या."

"मग मला काय विचारतेस?" त्याने टायरची रबरी नळी बादलीत बुडवली. बुडबुडे आले तशी समाधानाने मान हलवली. "उकरून काढ. पण उघडू नकोस. उघडलंस तर आत जे आहे ते तुझ्या अंगावर येईल. तसंच न्यायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. जाता-येता बोलायचं नाही. सोडल्यावर मागं वळून बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे कारसिदीच्या शेताला पाण्याची पाळी होती. तो बांधावर गेल्याची खात्री करून पार्तिना दाराशी बसली आणि खुरप्याने माती उकरू लागली.

फार खोल जावं लागलं नाही. खुरपं खणकन वाजलं. लहानसं मातीचं मडकं होतं, वर झाकण, झाकणावर पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. तिने ते बाहेर काढलं, आणि हात जागच्या जागी थांबला. फडक्याला हळदीचा वास होता. हळदीचा आणि मिठाचा.

तो वास तिने याच जागी एकदा घेतला होता. रुमिनी झाली तेव्हा सुगिमानने तिची नाळेसकट वार अशीच मडक्यात घातली होती. हळद आणि मीठ लावून, पोरगी शिवणकामात हुशार व्हावी म्हणून सुईदोरा टाकून. आणि पुरली होती इथंच, डाव्या हाताला. मुलग्याची उजवीकडे, मुलीची डावीकडे. कुणीतरी त्याला म्हणालं होतं, "नदीत सोड की. वार नदीत सोडली की पोर जग बघतं." सुगिमान म्हणाला होता, "जग बघून काय करायचंय? तिला घर बघू दे." मग त्याने वर टोपली पालथी घालून आत दिवा ठेवला होता. बाळंतपणाच्या खोलीतून फटीतून तो दिवा दिसायचा, आणि पार्तिना बाळाला पाजता पाजता त्याच्याकडे बघत राहायची. वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंडच. त्याला अंधारात भीती वाटू नये.

पार्तिनाच्या मनात पाल चुकचुकली. पण पालीचंही तिने ऐकून घेतलं नाही. दोन्ही घरांत मिळून बाळंतीण नाही. पालथी टोपली नाही. टोपलीत दिवा नाही. मग वार कुणाची, मांजराची? आणि हळदीचं म्हणशील तर चेटूक करणारे काय वेगळी हळद आणतात? तीही याच बाजारातली. म्हणजे मेल्याने वाससुद्धा असा ठेवला, की बाईचा हात थांबावा. या विचाराने ती आणखीच पेटली. मडकं पदरात गुंडाळलं आणि तरातरा नदीची वाट धरली.

नदीला पाणी बरंच होतं, चहासारखं तांबडं. तिने मडकं सोडलं. ते बुडेल असं तिला वाटलं होतं, पण बुडालं नाही. स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि निघालं. मागं वळून बघायचं नाही असं म्बाह जोयो म्हणाला होता. पण पार्तिनाचा म्बाह जोयोवर तरी कुठं विश्वास होता? वाळू काढणाऱ्यांच्या होडीपलीकडे, बांबूच्या बेटाच्या वळणाआड मडकं दिसेनासं होईपर्यंत ती काठावर उभी राहून बघत होती.

परत येऊन तिने खड्डा बुजवला आणि वर मिरचीची रोपं लावली. गुडघ्याची सूज त्याच दिवशी उतरल्यासारखी वाटली. भात आंबला नाही. पार्तिना इतकी हलकी झाली, की तिने चार माणसं बोलावून दुआ म्हणवून घेतली आणि गल्लीत घरोघर प्रसादाच्या भाताचे बांबूचे डबे पाठवले. सुक्या खोबऱ्यातली भाजी, कोंबडीचा तुकडा, टेंपे, सगळं होतं. तेंत्रेमला तिने दोन तुकडे घातले. कारसिदीच्या घरावरून मात्र डबा सरळ पुढं गेला. आमच्याकडे याहून मोठी थोबाडीत नाही. भांडण असलं तरी डबा जातो. डबा गेला नाही म्हणजे त्या घरात माणसं राहत नाहीत असं धरायचं.

संध्याकाळी कारसिदी कुंपणाशी आला.

"वहिनी, सगळ्यांकडं भात गेला म्हणे."

"गेला."

"माझा वाटेत सांडला का?"

"घुशीनं नेला."

कारसिदीला हसू आलं. हसता हसता त्याची नजर दाराच्या डाव्या हाताला गेली. मिरचीच्या रोपांवर गेली आणि तिथंच राहिली.

"वहिनी, तिथली माती कुणी काढली?"

"मीच. तुमची घूस सापडली बरं का, भावजी. मडक्यात बसली होती. पांढरी टोपी घालून."

"कुठंय मडकं?"

"नदीत."

कारसिदी काय काय करेल ते पार्तिनाने मनाशी योजून ठेवलं होतं. चिडेल, कानावर हात ठेवेल, नाहीतर गयावया करेल. प्रत्येकाला उत्तर तयार होतं. पण तो मटकन खाली बसला. कुंपणाच्या बांबूला धरून, घरातलं कुणी गेल्यावर माणूस बसतो तसा.

"उघडून बघितलंत?"

"मी काय खुळी आहे?"

"बघायचं होतं हो, वहिनी." तो मातीकडेच बघत होता. "एरवी लोकांच्या ताटातला भात उचकटून बघता तुम्ही. एवढं एक उघडून बघायचं होतं. रुमिनीच्या लेकीची वार होती ती."

पार्तिना मिरचीच्या रोपांकडे वळली.

"मुलगी झाली तिला. सुराबायाला. भाड्याची खोली, खाली बिऱ्हाड, वर बिऱ्हाड, जिकडं तिकडं सिमेंट. पुरणार कुठं? तिचा नवरा मडकं मांडीवर घेऊन बसमधून आला. उभ्याउभ्या माझ्या हातात दिलं आणि त्याच गाडीने परत गेला. रुमिनीचा निरोप होता, काका, आईच्या दारात पुर, माझी पुरलीय तिथंच. पण आईला सांगू नको. माझं नाव ऐकलं की उखडून फेकून देईल."

"खोटं," पार्तिना म्हणाली.

"तुमच्या दारात दिवा ठेवता येत नव्हता, म्हणून फणसाला टांगला. कुठून तरी उजेड पडावा पोरीच्या वारेवर."

"खोटं! तो चौकड्याचा माणूस घर बघून गेला, तेव्हापासून तुमची नजर फिरलीय. छपराकडं बोट दाखवत होतात तुम्ही. मी बघितलंय."

"दाखवलं. म्हटलं, हे माझ्या दादाचं घर आहे, पुन्हा इकडं दिसलास तर ट्रकाची चाकं ठेवणार नाही." कारसिदी उठला. "शनिवारी येतेय ती. जावळ काढायच्या आधी तुमच्या पाया पडायचंय म्हणते. तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. तुम्ही ठेवून घेतलंत तर राहणार आहेत. आता काय सांगायचं ते तुम्हीच सांगा तिला."

पार्तिनाने दार लावून घेतलं. चुलीपुढे बसली. थाप आहे, ती स्वतःशी म्हणाली. पकडला गेला तर काहीतरी बोलणारच. उद्या म्हणेल, मडक्यात सोनं होतं, भरून दे. पण हळदीचा तो वास तिच्या बोटांवरून जाईना. राखेने हात धुतले, लिंबाने धुतले. आयुष्यभर ती एकेका माणसाबद्दल वाईट खरं निघेल म्हणून धास्तावत आली होती. आज पहिल्यांदा तिने देवाजवळ मागणं मागितलं, की माझा दीर चेटक्या निघू दे. त्याने मला मारायलाच ते पुरलेलं असू दे. फक्त तो म्हणतो ते खरं नसू दे.

दुसऱ्या दिवशी ती नदीकाठाने खाली खाली गेली. बांबूच्या बेटापलीकडे, जिथं बायका कपडे धुतात तिथं, आणि त्याच्याही पुढं. वेतात अडकलेलं नारळाचं करटं दिसलं तरी धावत होती. शेवटी वाळू काढणाऱ्यांना विचारलं.

"माझं एक मडकं वाहून आलं का रे इकडं? लहानसं. लोणच्याचं."

"लोणचं चांगलं होतं का, मावशी?" पाण्यात कमरेएवढा उभा असलेला एकजण म्हणाला. बाकीचे खिदळले. "आता मिळणार तर समुद्रात. तिथं मीठही आयतंच आहे."

ती भर उन्हात काठावर बसून राहिली. नदीत सोडली की पोर जग बघतं. ज्यांना आपलं मूल लांब जावं असं वाटतं ते लोक मुद्दाम सोडतात, गाणी म्हणत, फुलं वाहत. तिने शिव्या देत सोडली होती.

शनिवारी दिवस मावळायला आला तरी कुणी आलं नाही. पार्तिनाच्या जिवात जीव आला. खोटारडा, ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की रडूच आलं. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मग बराच वेळ काही नाही. मग भाड्याच्या मोटरसायकलींचा आवाज भाताच्या खाचरांमधून जवळ येऊ लागला.

ती पुढच्या दाराशी आली, तर कारसिदी आधीच तिथं उकिडवा बसला होता. त्याने मिरचीची रोपं उपटून बाजूला ठेवली होती. सारखी केलेल्या मातीवर त्याने तेलाचा लहान दिवा ठेवला, तो पेटवला आणि वर बांबूची टोपली पालथी घातली. खाली काही नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

पार्तिनाच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "याच्या बदल्यात तुम्हाला काय हवंय?"

"माझा भाताचा डबा," कारसिदी वर न बघता म्हणाला. "अजून आला नाही तो."

मोटरसायकली अंगणात शिरल्या. रुमिनी उतरली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, छातीशी लुगड्याच्या झोळीत बाळ. मागं तिचा नवरा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, हाकललं तर लगेच निघता यावं अशा बेताने उभा. रुमिनी पायरीशी गुडघ्यांवर बसली आणि पुढं सरकत सरकत येऊन तिने आईच्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं. काही बोलायला तोंड उघडलं, आणि तिची नजर टोपलीवर गेली. बांबूच्या विणीतून पिवळे ठिपके भिंतीवर पडले होते.

"आई," ती म्हणाली, "तुला कळलं होतं?"

पार्तिनाने कारसिदीकडे बघितलं. तो आता कुंपणाशी जाऊन सिगारेट शोधत होता.

"कळलं म्हणजे?" तो म्हणाला. "रोज दिवा लावतात. तेल माझ्याकडून उसनं नेतात आणि परत करायचं नाव नाही. विचार गल्लीत."

रुमिनी हसायला लागली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. "मी काकांना सांगितलं होतं, आईला कळू देऊ नको, ती उखडून फेकून देईल. आणि तू रोज दिवा लावत होतीस." तिने आईचे पाय घट्ट धरले. "माझं चुकलं गं. मी तुझ्यावर संशय घेतला."

सांगून टाकावं, असं पार्तिनाच्या मनात आलं. तिने तोंड उघडलंही. पण रुमिनीने झोळी सोडवून बाळ तिच्या हातांत ठेवलं. गरम, उसाच्या कांड्याएवढं वजन, आणि डोक्यावर जन्माचं जावळ. पोरीच्या कपाळाला हळदीचा वास येत होता.

"आता ही इथून कुठं जात नाही बघ," रुमिनी डोळे पुसत म्हणाली. "नाळ इथंच आहे तिची."

"हो," पार्तिना म्हणाली. मग कुंपणाकडे बघून म्हणाली, "भावजी, आत या. पान वाढते. जावईबापूंनाही घेऊन या, बाहेर काय उभे राहिलेत."

सगळे आत गेले. पिशव्या आपटल्याचे, पाट सरकवल्याचे आवाज आले. सागाच्या खांबाला टेकून पार्तिना उंबऱ्यावर बसली, बाळ मांडीवर. टोपलीखालचा दिवा फडफडला, तसा तिने हात आडवा धरला. स्वयंपाकघरामागून नदीचा आवाज येत होता. तो रोजच यायचा, पण आज पहिल्यांदाच तो तिला कुणाला तरी बोलावणाऱ्या माणसासारखा वाटला. ती तिकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

बाळाने झोपेत पाय झाडला. नदीच्याच बाजूला. पार्तिनाने ते पाऊल मुठीत धरलं, आणि आतून जेवायला हाका येत राहिल्या तरी सोडलं नाही.